खाजणाऱ्या अंगाचं लेकरू सांभाळताना: आमच्या घरात बसलेली घडी

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनवर कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटून सिडकोतल्या घरी पोचायला रात्रीचे बारा होतात. माझी मुलगी ओवी लहान होती तेव्हा बेल वाजवायच्या आधी मी दाराला कान लावायचो. आतून खर्र खर्र आवाज येत असायचा. झोपेतलं पोर स्वतःचाच पाय ओरबाडतंय, त्याचा. सकाळी चादरीवर टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे ठिपके, आणि माझी बायको वैशाली रात्रभर तिचे दोन्ही हात धरून बसलेली.

ओवीला चौथ्या महिन्यापासून ॲटोपिक डर्मटायटिस आहे. आपल्याकडे त्याला सरसकट इसब म्हणतात. आता ती पाच वर्षांची आहे. दुखणं गेलेलं नाही, पण घराला त्याची घडी बसली आहे. ज्यांच्या बाळाचे गाल नुकतेच लाल होऊन सोलायला लागलेत आणि ज्यांना पंधरा जण पंधरा उपाय सांगतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निदान आणि औषध त्वचेच्या डॉक्टरांकडूनच घ्या. डॉक्टरांकडच्या दोन फेऱ्यांमधल्या दिवसांत घराने काय करायचं, एवढंच मी सांगू शकतो.

आधी दुखणं ओळखून घ्या

मला ते मशीनच्या भाषेत कळलं. ऑइल सील खराब झालं की आतलं ऑइल बाहेर झिरपतं आणि बाहेरचा चुरा, कूलंट आत शिरतं. या मुलांच्या कातडीचं तसंच होतं. ओलावा टिकत नाही, आणि धूळ, घाम, साबण, जंतू आत शिरून आग लावतात. कातडी घट्ट आणि ओली ठेवायला फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन लागतं. बऱ्याच मुलांत ते जन्मतःच कमी असतं. खाज सुटते म्हणून मूल खाजवतं, खाजवल्याने कातडी आणखी फाटते, फाटली की खाज आणखी वाढते.

हे घराण्यात चालत येतं. मला धुळीने सकाळी वीस-वीस शिंका येतात, माझ्या बहिणीला दमा आहे. ही सगळी एकाच प्रवृत्तीची रूपं आहेत, हे ओवीमुळे कळलं. त्यामुळे बाळंतपणात आईने काय खाल्लं, हा प्रश्न घरातल्या पुरुषाने पहिल्याच दिवशी बंद करावा. मी तो उशिरा बंद केला. तोवर सहा महिने वैशाली प्रत्येक हळदीकुंकवात, प्रत्येक बारशात त्याचं उत्तर देत बसली होती.

हे सांसर्गिक नाही. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने दुसऱ्या मुलाला होत नाही. आणि ‘एका महिन्यात मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. हे दुखणं चढतं, उतरतं. तान्हेपणी गाल आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजू, पुढे कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणी, मान, मनगटं. पुष्कळ मुलांचं वाढत्या वयात निवळतं, काहींचं राहतं. तुमच्या मुलाचं काय होईल हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाजच आहे.

डबा किती दिवस पुरला?

आमच्या त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीत ओवीला तपासलं आणि मग विचारलं, “मॉइश्चरायझर लावता का?”

“हो, रोज लावतो,” वैशाली म्हणाली.

“ट्यूब केवढी आहे आणि कधी आणली?”

शंभर ग्रॅमची होती. आणून दोन महिने झाले होते आणि ती अजून अर्धी शिल्लक होती. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर लिहून दिलं: आठवड्याला २५० ग्रॅम. म्हणजे आम्ही दोन महिन्यांत जेवढं लावलं होतं, तेवढं दीड दिवसात संपायला हवं होतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत तर मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगितलेलं आहे.

मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अंग लाल झालं की मलम आठवतं आणि निवळलं की डबा कपाटात जातो. आमच्या कारखान्यात मशीन बंद पडल्यावर करतात ते ब्रेकडाउनचं काम, आणि चालू असताना ठरल्या तारखेला करतात ते मेंटेनन्स. पांढऱ्या डब्याचं मलम, म्हणजे हे मॉइश्चरायझर, हे मेंटेनन्स आहे. अंग चांगलं दिसतंय त्या दिवशीही सकाळी आणि रात्री लावायचंच, आणि अंग ताणल्यासारखं वाटलं की मध्येही.

मलम निवडताना वास हुंगून बघा. वास येत असेल तर घेऊ नका, मग डब्यावर बाळाचा फोटो असो की पानाफुलांचा. सुगंध हा या मुलांचा शत्रू आहे. लोशन पातळ असतं, लवकर उडून जातं. क्रीम त्यापेक्षा बरं. पांढरं व्हॅसलीन किंवा लिक्विड पॅराफिन असलेलं घट्ट मलम सगळ्यात जास्त वेळ टिकतं. आम्ही थंडीत घट्ट मलम वापरतो आणि मार्चपासून क्रीम, कारण उन्हाळ्यात व्हॅसलीनखाली घामोळ्या उठतात. महागडं घ्यायचंच असं नाही. भरपूर लावायला परवडेल तेच चांगलं. आमच्या महिन्याच्या यादीत ते तेल-साखरेच्या खालीच लिहिलेलं असतं.

डब्यात बोटं घालायची नाहीत. धुतलेल्या चमच्याने वाटीत काढून घ्यायचं, नाहीतर बोटांचे जंतू डब्यात वाढतात. लावताना चोळायचं नाही. अंगावर ठिकठिकाणी ठिपके द्यायचे आणि लव ज्या दिशेला आहे त्या दिशेने, वरून खाली, हात फिरवायचा. माझी आई आधी मालिश केल्यासारखं रगडायची. त्याने अंग गरम होऊन खाज उठायची.

आंघोळ

रोज, एकदा, पाच ते दहा मिनिटं. पाणी कोमट. बोटाने अंदाज चुकतो, कोपर बुडवून बघा. कोपराला ऊन लागलं तर ते पाणी या मुलांसाठी जास्तच गरम आहे. कडकडीत पाण्याने त्या वेळेपुरती खाज शमल्यासारखी वाटते आणि अर्ध्या तासात दुप्पट होते.

साबण बंद. बिनवासाचं, फेस न करणारं क्लेन्झर मिळतं. ते फक्त काखा, मान, जांघ, तळवे एवढ्यापुरतं. बाकी अंगाला नुसतं पाणी. डेटॉल, कडुनिंबाचा पाला, तुरटी, मीठ यातलं काहीही आपल्या मनाने पाण्यात टाकू नका. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, तो अंगावर आणि कपड्यांत राहतो. त्या महिन्यांत आम्ही ओवीचे कपडे एकदा जास्त खळबळतो आणि तिच्या आंघोळीसाठी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवतो.

आंघोळ झाली की मऊ पंचाने टिपायचं, पुसायचं नाही. अंग किंचित ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मलम लावायचं. आमच्याकडे डबा, वाटी, चमचा आणि कपडे आंघोळीच्या आधीच बाथरूमच्या दाराशी मांडलेले असतात. नाहीतर ‘कपडे कुठंयत’ यात ओलावा उडून जातो.

तेलांबद्दल एकदाच सांगतो. मोहरीचं तेल लावू नका, झोंबतं. ऑलिव्ह तेल महाग असतं म्हणून चांगलं असेल असं वाटतं, पण ते कातडीची सील आणखी सैल करतं. साधं खोबरेल बहुतेकांना चालतं. मात्र फुटलेल्या, पाझरणाऱ्या जागेवर तेही नको. डाळीचं पीठ, उटणं, हळद-साय हे सगळं खरखरीत किंवा झोंबणारं. आईला हे पटायला वेळ लागला. नातीला दिवाळीच्या पहाटे उटणं लावायचं नाही म्हणजे काय! शेवटी आम्ही तोड काढली. अभ्यंगाला खोबरेल, आणि उटण्याचं एक बोट फक्त तळपायाला. ओवाळणं, कारंट फोडणं सगळं तसंच.

छोटी ट्यूब, आणि आमची घोडचूक

ओवी दीड वर्षाची असताना एका नातेवाइकाने एक बिनलेबलची डबी आणून दिली. शंभर टक्के झाडपाल्याची, असं सांगून. तिसऱ्या दिवशी गाल लोण्यासारखे मऊ. सगळ्या घराला आनंद झाला. महिन्याने डबी संपली आणि आठवड्याभरात पूर्वी कधीच नव्हतं एवढं उफाळलं. पापण्या सुजल्या, मान पाझरायला लागली. मॅडम म्हणाल्या, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण इतका झटपट गुण आणि थांबवल्यावर असा उद्रेक म्हणजे त्यात जोरकस स्टेरॉइड, म्हणजे लाली-सूज दाबणारं औषध, मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. ती डबी लावणारा हात माझा होता. म्हणून कळकळीने सांगतो, ज्यावर घटक लिहिलेले नाहीत ते बाळाच्या अंगाला लावू नका.

दुसरी भीती औषधाच्या दुकानातल्या त्या ट्यूबची, जिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. गजकर्ण, नायटा, खाज, काहीही सांगा, तीच हातात पडते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीचशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. आपणही चिठ्ठीशिवाय मागू नयेत.

त्या डबीनंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. मॅडमनी नीट तपासून, वयाप्रमाणे, सौम्य स्टेरॉइडचं मलम दिलं तर आम्ही ते मुगाच्या दाण्याएवढं लावायचो आणि लाली जरा उतरली की बंद. त्यामुळे आग कधी पूर्ण विझलीच नाही, महिनाभर धुमसत राहिली. स्टेरॉइड कुठलं, किती दिवस, कुठल्या जागेवर हे डॉक्टर ठरवतात. चेहऱ्याला सौम्य, अंगाला गरज पडली तर थोडं जोरकस आणि मोजके दिवस. पण एकदा ठरलं की तेवढं लावायचंच.

माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीचं टोकाकडचं पेर घ्या. त्याच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ पिळा. हे झालं एक पेर, साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात बोटांसकट दोन मोठे तळहात मावतील एवढी जागा होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या एका पूर्ण हाताला दोन पेरं, एका पूर्ण पायाला तीन. पहिल्यांदा एवढं पिळताना वैशालीचा हात थरथरला होता. हे माप चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे घरातल्या सगळ्यांचा हात एकसारखा चालतो. स्टेरॉइड फक्त लाल, खरखरीत जागेवर. पांढरा डबा सगळीकडे. दोन्हींच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर औषध भलतीकडे पसरतं.

ज्या जागा पुन्हा पुन्हा उठतात, तिथे अंग निवळल्यावरही आठवड्यातून दोन दिवस औषध लावायला डॉक्टर कधी कधी सांगतात. आमच्याकडे ते वार बुधवार आणि रविवार आहेत. दोन वर्षांवरच्या मुलांना टॅक्रोलिमसचं ०.०३ टक्क्यांचं मलमही देतात. त्यात स्टेरॉइड नसतं, म्हणून चेहरा आणि मानेला बरं पडतं. पहिले काही दिवस ते चुरचुरतं, तेव्हा घाबरून सोडू नका, डॉक्टरांना फोन करा.

डॉक्टरांकडे जायला कधी थांबायचं नाही

जखमांवर मधासारखी पिवळी खपली आली, पाझर वाढला, जागा दुखायला आणि तापायला लागली, तर जंतूंची लागण झालेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा. आणि एकसारखे दिसणारे छोटे फोड एकदम उठले, फुटून त्यांच्या जागी टोचल्यासारखे गोल खड्डे दिसले, सोबत ताप आणि पोर मलूल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. ओठावर तापाचे फोड येतात ते ज्या नागिणीच्या जातीच्या विषाणूने, त्याच विषाणूने या मुलांत सगळीकडे पसरणारा संसर्ग होतो आणि त्याचं औषध वेळेत सुरू करावं लागतं. म्हणून ज्यांच्या ओठाला असे फोड आलेले आहेत त्यांनी बाळाची पापी घेऊ नये. पाहुण्यांना हे सांगायला अवघड जातं, तरी सांगा.

रात्र

‘खाजवू नको’ हे दोन शब्द आम्ही घरातून काढून टाकले. ओवी तीन वर्षांची असताना पडद्यामागे जाऊन, आमच्याकडे पाठ करून खाजवत होती. मी पडदा बाजूला केला तर ती म्हणाली, “बाबा, मी नाही खाजवत.” मनगटावर रक्त होतं. खाज ही काही तिची खोड नव्हती, आणि आम्ही तिला चोरी करायला शिकवलं होतं.

त्याऐवजी हाताला दुसरं काम द्या. फ्रिजमधला ओला नॅपकिन खाजेवर ठेवायचा. नखाने ओढायच्या जागी तळव्याने थापटायचं, आम्ही त्याला ‘भाकरी थापू’ म्हणतो आणि ती खरंच थापते. मलमाचा एक छोटा डबा फ्रिजमध्ये ठेवा, गार मलमाने पटकन आराम पडतो. नखं बुधवारी आणि रविवारी, त्याच औषधाच्या दिवशी, कापायची आणि कानशीने कडा गुळगुळीत करायच्या. नुसती कापलेली नखं करवतीसारखी धारदार असतात.

झोपताना पूर्ण बाह्यांचा सुती पायजमा-बंडी. तान्हं असेल तर हातात सुती मोजे. खोली गार ठेवा, पण पंख्याचा झोत थेट अंगावर नको, अंग सुकतं. रजईपेक्षा सुती चादरींचे दोन थर बरे, एक काढता येतो.

फार उफाळलं होतं तेव्हा मॅडमनी ओल्या कपड्याचा उपाय शिकवला. औषध आणि भरपूर मलम लावून झालं की सुती बंडी आणि लेगिंग कोमट पाण्यात बुडवून, घट्ट पिळून घालायची आणि त्यावर दुसरा कोरडा जोड. पहिल्या रात्री ओवी सलग सहा तास झोपली. मी आणि वैशाली दोघंही जागेच होतो, ती झोपली आहे यावर विश्वास बसेना म्हणून. पण हे मनाने करू नका. ओल्या कपड्याखाली औषध जास्त मुरतं, आणि लागण झालेली असेल तर उलटं होतं. किती रात्री करायचं ते डॉक्टरांनीच सांगायला हवं.

झोपेचं औषध म्हणून मिळणारं पातळ सिरप खाज मुळातून थांबवत नाही, गुंगी आणतं. आम्हाला ते मोजक्या रात्रींसाठी मिळालं होतं. कपाटात आहे म्हणून पुन्हा काढायचं नाही.

आणि एक कॅलेंडर. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारीच ओवीच्या रात्री आहेत. जितक्या वेळा उठली तितके लाल ठिपके. नवा डबा उघडला की ‘ड’. डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून नेतो. ‘बरं आहे’, ‘जास्त आहे’ यापेक्षा ते पान मॅडमना कितीतरी जास्त सांगतं.

खाण्याचं

आंबट बंद, वांगं बंद, अंडं बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद. एकेकाच्या सांगण्यावरून आम्ही एवढं बंद केलं की वरण-भात आणि केळं उरलं. तीन महिन्यांनी वजनाच्या तक्त्यावरची ओवीची रेघ आडवी झालेली मॅडमनी दाखवली. अंगावरची लाली होती तिथेच होती.

काही मुलांना खरंच एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल. पण नुसती खाज वाढली म्हणून आपल्या अंदाजाने ताटातले पदार्थ कमी करत जाऊ नका. आमच्या ओवीला आता सगळं चालतं, साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूटसुद्धा. टोमॅटोचा किंवा लिंबाचा रस तोंडाभोवती लागला की तिथे झोंबतं, तेव्हा जेवायच्या आधी ओठांभोवती व्हॅसलीनचं एक बोट. एवढंच पथ्य उरलं आहे.

निफाडची थंडी

वैशालीचं माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षाची बाग. महाराष्ट्रात थंडीचा नीचांक सांगितला जातो तेव्हा निफाडचं नाव हमखास असतं. डिसेंबर-जानेवारीत तिथली हवा इतकी कोरडी आणि गार की मोठ्यांच्या टाचा चिरतात, मग ओवीचं काय. पहिल्या वर्षी दोन दिवसांत परत यावं लागलं. सासूबाईंना वाईट वाटलं, आपल्या घरी नात टिकत नाही म्हणून.

आता जाताना आम्ही स्वतःची सुती चादर आणि अर्धा किलोचा डबा नेतो. लोकरीचं स्वेटर कधीच थेट अंगाला नाही, आत सुती पूर्ण बाह्यांचं. घोंगडी, जुन्या गाद्या दूर. शेकोटीजवळ बसवायचं नाही, एका बाजूने भाजतं आणि सगळं अंग सुकतं. दिवसातून दोनदाऐवजी चारदा मलम. बागेत भुरी रोगासाठी गंधक मारलेलं असेल तर त्या दिवशी ओवी घरात. फवारणी करून आलेले मामा आंघोळ केल्याशिवाय तिला उचलत नाहीत. हा नियम सासूबाईंनी स्वतः केला. गेल्या जानेवारीत ओवी तिथे नऊ दिवस राहिली.

उन्हाळ्याचं थोडक्यात: खेळून आली की घाम नुसत्या पाण्याने धुवायचा आणि मलम. पावसाळ्यात कपडे दमट राहतात, घरात बुरशीचा वास येतो; तिच्या कपड्यांना इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करतो. नवे कपडे घालायच्या आधी धुवायचे आणि मानेमागचं लेबल कापायचं, बारा महिने.

शाळेची चिठ्ठी

बालवाडीत एका मुलीला तिच्या आईने सांगितलं होतं, ओवीचा हात धरू नको. मला राग आला, पण त्या बाईंना माहीत नव्हतं एवढंच. दुसऱ्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी वैशालीने वर्गाच्या बाईंना चिठ्ठी दिली. तशीच देतो, हवी तर उतरवून घ्या:

“आदरणीय बाई, ओवीला तान्हेपणापासून त्वचा कोरडी राहण्याचा आजार आहे. तो दुसऱ्या मुलांना होत नाही. तिला खाज आली तर ‘खाजवू नको’ म्हणण्याऐवजी दप्तरातली छोटी डबी काढून द्यावी, ती स्वतः लावते. तिला उन्हाच्या खिडकीपासून लांब बसवावं. हात धुवायला साबणाऐवजी तिच्या दप्तरातली बाटली द्यावी. रक्त आलं, पिवळा पाझर दिसला किंवा ताप वाटला तर लगेच फोन करावा.”

बाईंनी ती वर्गात वाचली नाही. त्यांनी एक दिवस सगळ्या मुलांना ओवीची डबी दाखवली आणि प्रत्येकाच्या हातावर ठिपकाभर मलम दिलं. त्यानंतर हात धरायचा प्रश्न उरला नाही.

आगीपासून जपा

हे फार कमी जणांना माहीत असतं, मलाही उशिरा कळलं. व्हॅसलीन आणि पॅराफिनची मलमं कपड्यांत, चादरीत मुरतात. असं कापड वाळल्यावर, धुतल्यावरही सहज पेट घेतं आणि झपाट्याने जळतं. दिवाळीत पणत्या, फुलबाज्या, घरात निरांजन, गॅसची शेगडी. ओवीच्या अंगावर मलम मुरलेले कपडे असताना तिला ज्योतीच्या जवळ जाऊ देत नाही. फटाक्यांच्या वेळी स्वच्छ, जाड सुती कपडे आणि ती गॅलरीत, माझ्या हाताला धरून. आजोळी शेकोटीला मनाई आहे त्याचं हेही एक कारण.

रंगपंचमी

नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला. जुन्या नाशकातल्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले मोठे हौद, वर्षभर बंद असतात. त्या दिवशी उघडून रंगाने भरतात आणि पोरं धप्पा, म्हणजे आत उडी, मारतात. मी लहानपणापासून जातो. ओवी झाल्यावर चार वर्षं गेलो नाही, कारण मी गेलो की ती रडायची.

यंदा मॅडमना आधी विचारलं. आठ दिवस अंग शांत होतं, कुठे जखम नव्हती, म्हणून त्या हो म्हणाल्या. रंग टाळला तर बरंच, पण न्यायचंच असेल तर नीट तयारीने न्या. सकाळी आंघोळ, मलम, आणि अर्ध्या तासाने चेहरा, मान, कान, हात, पाय यांवर व्हॅसलीनचा जाड थर. जुनी सुती पूर्ण बाह्यांची बंडी, लेगिंग, केसांना खोबरेल, वर रुमाल. रहाडीच्या कडेला नाही, लांब, माझ्या खांद्यावर. धप्पा पडला की उडालेल्या थेंबांकडे बघून ती टाळ्या वाजवायची. वीस मिनिटं थांबलो आणि निघालो. घरी आल्या आल्या कोमट पाणी, दोन मिनिटं क्लेन्झर, टिपणं, डबा. रात्री एकदा उठली. कॅलेंडरवर त्या तारखेला एक ठिपका आहे.

उजव्या मनगटावर मात्र गुलाबी पट्टा राहिला आणि दोन दिवस तिथे खाजलं. बाहीची कड वर सरकली होती, रंग तिथून आत गेला. पुढच्या वर्षी बाहीच्या कडेखाली बोटभर वरपर्यंत व्हॅसलीन लावायचं आणि मनगटावर सुती पट्टी गुंडाळायची, असं वैशालीने त्याच पानावर लिहून ठेवलं आहे.